दादाची कोरी किताब

ड्रायव्हरकडे किस्से फार का असतात, माहीत आहे? कारण तो गाडी चालवतो कमी आणि उभा राहतो जास्त. साहेब मीटिंगमध्ये, मॅडम दुकानात, आणि आपण बॉनेटला टेकून. दोन ड्रायव्हर एका सावलीत आले की चहा नंतर येतो, किस्सा आधी. आमच्याकडे तर नुसत्या बॉर्डरचेच इतके साठलेत की एक सांगायला घेतला की मागचे चार हॉर्न वाजवायला लागतात.

आणि मजा बघा, सगळ्यांत दादा असतोच. जिवंत होता तेव्हा सगळीकडे तोच. आता जाऊन दोन महिने झाले, तरी तोच!

आमचा अड्डा म्हणजे मयूर विहारमधल्या एका सोसायटीतलं चोप्राआंटीचं गॅरेज. नवरा गेल्यावर आंटीनं घरातली गाडी भाड्यानं लावली. तेवढ्यात पलीकडे नोएडात सेक्टरामागून सेक्टर उठायला लागले, बाहेरदेशच्या कंपन्या आल्या, आणि एका गाडीच्या चार झाल्या. आम्ही ड्रायव्हरही चारच. हरियाणाचा रामफल, कानपूरकडचे शुक्लाजी, माझा थोरला भाऊ अनंत, आणि मी, विजू. बाबा सरकारी नोकरीत दिल्लीला आले, म्हणून आम्ही दिल्लीचे. दादा दहावी पास झाला. मी आठवीत दोनदा बसलो, आणि तिथून उठलो तो थेट स्टिअरिंगवर.

आमच्या धंद्याची गोम अशी होती. मयूर विहारहून पाच मिनिटांत नोएडा, म्हणजे यूपी. उलट्या बाजूला बदरपूर ओलांडलं की फरीदाबाद, म्हणजे हरियाणा. लायसन मात्र दिल्लीचं. तेव्हा ते छोट्या वहीसारखं असायचं, आम्ही त्याला किताब म्हणायचो. परक्या राज्यात चूक केली की पोलीस किताब ठेवून घ्यायचा आणि हातात पर्ची द्यायचा. मग दिलेल्या तारखेला तिकडच्याच कचेरीत उभं राहायचं, दंड भरायचा, किताब सोडवायची. साहेबाला वाटलं तर आतल्या पानावर लाल शेरा. तो मग कुठल्याही राज्यात गेलात तरी तुमच्याबरोबर!

म्हणून आंटीनं गॅरेजच्या भिंतीवर एक फळी ठोकली होती. तिच्यावर तीन रांगा: दिल्ली, यूपी, हरियाणा. प्रत्येक रांगेत प्रत्येकाच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला. ज्याची किताब यूपीत अडकली, त्याचा यूपीचा बिल्ला खाली. सुटेपर्यंत त्यानं ती बॉर्डर ओलांडायची नाही. पर्चीवर दुसऱ्यांदा सापडला तर गाडीच जायची.

माझे बिल्ले खाली-वर करून आंटीचा खांदा दुखायचा. दादाचे तिन्ही बिल्ले अकरा वर्षं जागचे हलले नाहीत. त्यांच्यामागे फळीवर गंजाचे गोल डाग पडले होते. नवीन कंपनीचा माणूस आला की आंटी म्हणायची, "अनंत, ज़रा किताब दिखाना." दादा लाजत काढायचा. आंटी एकेक पान उलटून दाखवायची, लग्नाचा अल्बम दाखवावा तशी. सगळी पानं कोरी!

मी बाजूलाच उभा असायचो. माझी किताब आंटीनं कुणाला दाखवली नाही. ती बहुतेक वेळा घरीच नसायची!

*

शुक्लाजींचं एक तत्त्व होतं. "यूपी का पाप यूपी में." म्हणजे नोएडात केलेली चूक दिल्लीत यमुनेचा पूल ओलांडला की धुतली जाते. पवित्र नदी ना!

त्यांच्या किताबीत नोएडाचे दोन लाल शेरे होते. लायसन रिन्यू करायची वेळ आली तेव्हा ते आंघोळ करून, गंध लावून दिल्लीच्या ऑफिसात गेले. क्लार्कनं पान उलटलं.

"ये क्या है?"

"साहब, वो तो यूपी का है."

"किताब कहाँ की है?"

"दिल्ली की."

"तो यूपीवालों ने मेरी किताब में क्यों लिखा?"

शुक्लाजी म्हणाले, "वही तो, साहब! आप उनसे पूछिए!"

चार फेऱ्या झाल्या. पाचव्या वेळी दादा त्यांच्याबरोबर गेला, दंड भरल्याच्या जुन्या पावत्या शोधून, तारखेप्रमाणे लावून. एका तासात काम झालं. त्या दिवसापासून शुक्लाजी दादाला "अनंतजी" म्हणायला लागले. वयानं वीस वर्षांनी मोठा माणूस! मला मात्र शेवटपर्यंत "अबे विजू".

*

रामफलनं वेगळाच उपाय काढला होता. त्याच्याकडे दोन लायसन होती. एक दिल्लीचं, एक गावच्या पत्त्यावर हरियाणाचं. एक अडकलं की दुसरं चालू! आंटीला पत्ता नव्हता. दादाला होता. तो म्हणायचा, "रामफल, एक आदमी की दो किताब नहीं होती, यार." रामफल म्हणायचा, "भाई, तेरे को ज़रूरत नहीं, इसलिए भाषण दे रहा है." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी त्याला त्या दिवशी समोसा खाऊ घातला.

एकदा बदरपूरला पोलिसानं अडवलं. रामफलनं घाईत खिशात हात घातला आणि दोन्ही किताबी एकदम त्याच्या हातावर ठेवल्या!

पोलिसानं दोन्ही उघडल्या. फोटो एकच, नाव एकच, बापाचं नाव एकच. जन्मतारखा दोन.

"इनमें से गाड़ी कौन चला रहा था?"

रामफलनं विचार केला आणि म्हणाला, "जी, दिल्लीवाला. हरियाणावाला तो आज छुट्टी पे है."

पोलीस हसला. पण दोन्ही किताबी त्याच्याकडेच राहिल्या.

*

मग रामफल सरळ झाला, म्हणजे आमच्यासारखा एका किताबीवर आला. ती लगेच नोएडात अडकली. माझी फरीदाबादेत अडकलेली होती. त्याच दिवशी आंटीला फोन आला, फरीदाबादच्या कारखान्यातून एका मॅनेजरला नोएडाला सोडायचंय. शुक्लाजी गावी, दादा एअरपोर्टला.

आंटीनं फळीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "दोनों जाओ."

फरीदाबादेत रामफल चालवणार, मी शेजारी. मधे दिल्लीचा जो तुकडा लागतो, तिथे गाडी बाजूला घ्यायची आणि जागा बदलायची. पुढे नोएडात मी चालवणार, तो शेजारी. दिल्लीत आम्ही उतरलो, गाडीला समोरून वळसा घालून एकमेकांच्या जागी बसलो. मागून मॅनेजरनं विचारलं, "ये क्या हो रहा है?"

रामफल म्हणाला, "सर, लंबे रूट पे दो पायलट होते हैं."

मॅनेजर खूश! त्यानं आंटीला फोन करून सांगितलं, पुढच्या वेळीही दोन ड्रायव्हरवालीच गाडी पाठवा. आंटी कौतुकानं आमच्याकडे बघायला लागली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गॅरेजमध्ये छाती काढून उभा राहिलो.

तेवढ्यात दादा एअरपोर्टहून आला. सगळं ऐकून हसला आणि म्हणाला, "अरे, मला पेजरवर निरोप टाकायचा ना. मी एकटा गेलो असतो."

झालं! आंटी त्याच्याकडे बघायला लागली.

*

दादा कोरा कसा राहिला, तेही ऐका. बॉर्डरच्या शंभर पावलं अलीकडे तो गाडी थांबवायचा. उतरायचा. नंबर प्लेट फडक्यानं पुसायचा, पुढचे-मागचे दिवे लावून बघायचा, कागद मोजायचा, बाटलीतलं पाणी तोंडावर मारायचा, दोन घोट प्यायचा, मग निघायचा. रोज. कितीही घाई असो. मी चिडवायचो, "काय रे, परदेशात चाललायस का?"

"दुसऱ्याच्या घरात शिरताना पाय पुसतोच ना आपण?" तो म्हणायचा.

त्याच्याकडे एक कोरियन साहेब होता. नोएडात टीव्हीचा कारखाना लावायला आलेला. पहिल्या दिवशी दादा बॉर्डरपाशी थांबला, उतरला, दिवे लावले, तोंड धुतलं. साहेबाला वाटलं, इथला काहीतरी धर्म आहे! तोही उतरला, त्यानंही तोंडाला पाणी लावलं, आणि यूपीकडे तोंड करून कंबरेतून वाकला.

दादानं त्याला सांगितलं नाही. म्हणे, "इतक्या मनापासून वाकला, कसं सांगू?" पुढे आणखी दोन कोरियन साहेब आले. जुन्यानं त्यांना शिकवून ठेवलं. रोज सकाळी तीन कोरियन यूपीला नमस्कार करायचे!

एकदा दादा रजेवर होता म्हणून मी गेलो. मी कशाला थांबतोय! बॉर्डर आली आणि मी गिअर टाकला. मागून तिघे एकदम ओरडले, "स्टॉप! स्टॉप! प्रे!"

थांबावं लागलं. ते वाकले. माझ्याकडे बघत राहिले. मग मीही वाकलो. काय करता! त्यांनी आंटीकडे तक्रार केली, हा नवा मुलगा देवाला मानत नाही.

कंपनीनं महिन्याचं काम दिलं तेव्हा आंटीनं त्या पैशांतून नवी लांब गाडी घेतली. पॉवर स्टिअरिंग, एका बोटानं वळायची. किल्ली कुणाला? सांगायला नको.

*

आता जे सांगतो ते अड्ड्यावर कधी सांगितलं नाही.

त्या गाडीच्या किल्लीनं माझी झोप गेली होती. एका संध्याकाळी दादा वर आंटीकडे हिशोब द्यायला गेला, तेव्हा मी नव्या गाडीच्या मागच्या दिव्याचा बल्ब काढून खिशात टाकला. म्हटलं, उद्या नोएडात पकडू देत. एक लाल रेघ. फक्त एक! एक बिल्ला एकदा तरी उतरू दे फळीवरून, मागचा गंज दिसू दे सगळ्यांना.

पण विसरलोच, तो बॉर्डरपाशी दिवे बघतो ना! बघितलं, बल्ब नाही. डिकीतला जादा बल्ब लावला आणि गेला.

रात्री जेवायला बसलो. आई वाढत होती, वहिनी पोळ्या लाटत होती. दादानं आमटी भुरकली आणि मान वर न करता म्हणाला, "आई, विजूची पँट धुवायला घेशील तेव्हा आधी खिसा बघ हो. काच आहे. हात कापेल."

आई म्हणाली, "काच कशाला रे ठेवतोस खिशात?"

दादाच म्हणाला, "कामाची असते गं."

बास. पुन्हा कधी विषय नाही. शिवी दिली असती तर मी जेवलो तरी असतो.

*

असा माणूस रस्त्यावर गेला असता तर एक वेळ समजलं असतं. काविळीनं गेला. नऊ दिवसांत. अकरा वर्षं तीन राज्यांत खरचटलं नाही, आणि शेवटी हॉस्पिटलच्या खाटेवर!

सातव्या दिवशी मी शेजारी बसलो होतो. तोवर मी पुन्हा फरीदाबादेत किताब घालवून आलो होतो. डोळे पिवळे, आवाज नाही, तरी विचारतो, "तुझं लायसन सुटलं का रे?"

मी भडकलो. म्हटलं, "माझं बघू नकोस. तू आधी नीट हो, मग शहाणपणा शिकव!"

यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. रागावला म्हणून नाही. शुद्धच नव्हती. पण माझ्याकडचं शेवटचं वाक्य ते आहे, आणि ते बदलून मिळत नाही.

तेराव्यानंतर मी गॅरेजमध्ये गेलो. फळीवर दादाचे तिन्ही बिल्ले तसेच. माझे दोनच, हरियाणाचा खाली. आंटीनं दादाच्या बिल्ल्यांकडे बघत हळूच विचारलं, "विजू, उतार दूँ?"

खरं सांगू? पहिल्यांदा मनात काय आलं? मेला तरी याचे तीन!

मी म्हटलं, "रहने दो, आंटी."

*

आता शेवटचा. हा सगळ्यांत भारी आहे.

दादाचा फोटो घरात नव्हता. म्हणजे लग्नातला होता, पण त्यात मुंडावळ्याच जास्त. नंतरचा एकच, किताबीतला. वहिनीनं किताब कपाटातून काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. "भाऊजी, एवढा फोटो मोठा करून आणा. मासिक श्राद्धाच्या आधी भिंतीवर लागला पाहिजे. आणि जपून हं, एकच आहे."

मी ती वरच्या खिशात ठेवली. स्टुडिओत जायचं म्हणून निघालो. वाटेत गॅरेज. लांब गाडी उभी. कोरियन साहेबाचा कारखान्यातून फोन, आणायला या. रामफल बाहेर, शुक्लाजी बाहेर. माझी किताब फरीदाबादेत, आणि दादाच्या आजारपणात तारीख चुकल्यानं पर्चीही मेलेली. मी आंटीला विचारलंच नाही. किल्ली उचलली आणि निघालो. एका बोटानं स्टिअरिंग वळत होतं.

बॉर्डरपाशी थांबलो नाही. पुढे नोएडात लाल दिवा होता, तो मला दिसला. दिसला, आणि मी गेलो.

पोलिसानं शिट्टी मारली. "लाइसेंस."

हात वरच्या खिशात गेला. काय झालं मला माहीत नाही. मी दादाची किताब त्याच्या हातावर ठेवली.

आमची नाकं सारखी आहेत, मिशाही. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं. पानं उलटली. सगळी. मग त्याचा आवाजच बदलला.

"अनंत, इतने साल में एक भी चलान नहीं? जी नहीं करता, यार. सॉरी बोल दो, जाओ."

एक शब्द बोलायचा होता. सॉरी. माझ्या किताबीसाठी कुणी कधी एवढं केलं नव्हतं. कोरी किताब, म्हणून माफी! त्याला मेल्यावरसुद्धा माफी!

मी म्हणालो, "लिखो जी. लिखो!"

त्यानं खांदे उडवले आणि लिहिलं. किताब ठेवून घेतली, मला पर्ची दिली. पर्चीवर दादाचं नाव, आणि तारीख मासिकाच्या आदल्या दिवसाची.

गाडी शंभर पावलं पुढे गेली तेव्हा मला कळलं, मी फोटो देऊन बसलोय.

मग घरी रोज वहिनी, "भाऊजी, फोटो झाला?" आणि रोज मी, "स्टुडिओवाला गावाला गेलाय." आई म्हणायची, "कसलं एवढं मोठं गाव आहे त्याचं?" रात्री मला ते पान दिसायचं, आणि त्यावर लाल रेघ. हीच रेघ मला हवी होती ना? आता नको होती. पण ज्याची किताब त्यालाच मिळते. दुसऱ्याला देत नाहीत.

फोटो वेळेवर लागला भिंतीवर, आणि किताब अजून कोरी आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधे विचारू नका. कचेरीत काय झालं तेवढं सांगतो.

मी दादाचा शर्ट घालून गेलो. वाटेत बॉर्डरच्या अलीकडे रिक्षा थांबवली, तोंड धुतलं. कचेरीत बाकावर बसलो. आमच्यासारखेच वीस-पंचवीस ड्रायव्हर. शिपायानं नाव पुकारलं, "अनंत! अनंत हाज़िर है?"

मी उठलो. "हाज़िर है जी."

समोर मॅजिस्ट्रेट मॅडम. हातात किताब, दुसऱ्या हातात लाल पेन. त्यांनी पहिलं पान बघितलं. दुसरं. तिसरं. चष्मा वर केला.

"ग्यारह साल. एक निशान नहीं. फिर उस दिन लाल बत्ती क्यों तोड़ी?"

गाडी नीट होती, रस्ता रिकामा होता, दिवा चालू होता. मी म्हणालो, "जी, भाई गुज़र गया था."

पेन थांबलं. त्यांनी पहिल्यांदा नीट माझ्या तोंडाकडे बघितलं. मग किताब मिटली.

"बड़ा था कि छोटा?"

मी त्यांच्या हातातल्या किताबीकडे बघितलं.

"छोटा, जी," मी म्हणालो.